सपाट पृष्ठभागाची सव्वीस वर्षं

ज्या संस्थेत काहीच घडत नाही, ती संस्था उत्तम चालली आहे असं समजावं. कारखान्यात काही घडलं तर भोंगा वाजतो, इस्पितळात काही घडलं तर नातेवाईक जमतात आणि घरात काही घडलं तर शेजारी जमतात. या कसोटीवर पाहता धूलियुक्त प्लाझ्मा संशोधन केंद्र ही आदर्श संस्था होती. तिथे सव्वीस वर्षांत काहीही घडलं नव्हतं आणि त्याची रोजच्या रोज नोंद ठेवलेली होती.

केंद्र म्हणजे एक लांबट दुमजली इमारत. खाली यंत्राची खोली, तिला लागून पडद्याची खोली आणि वर कार्यालयं. (वरच्या मजल्यावर पंचेचाळीस माणसं होती, खालच्या मजल्यावर दोन. संशोधन खाली चालायचं.) यंत्राच्या खोलीत मधोमध स्टीलचं एक भलंमोठं पिंप आडवं ठेवलेलं होतं. त्यातली हवा पंपाने उपसून काढायची, मग चिमूटभर वायू सोडायचा आणि वीज द्यायची, की तो वायू जांभळा उजेड देऊ लागतो. हा झाला प्लाझ्मा. त्यात वरून अगदी बारीक धूळ चाळली, की तिचा कण न् कण विजेने भारला जातो आणि खाली न पडता अधांतरी तरंगत राहतो. पिंपाभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी होती. त्यांतून वीज खेळवली की आत चुंबकत्व यायचं. काचेच्या खिडकीला डोळा लावला तर आत धुळीचा एक ढग दिसे आणि त्या ढगाचा वरचा भाग पातेल्यातल्या दुधासारखा सपाट असे.

तो सपाटच राहतो, चुंबकत्व कितीही वाढवलं तरी त्यावर लाट वाढत नाही, हे मोठ्या सरांनी सव्वीस वर्षांपूर्वी सिद्ध केलं होतं. मोठे सर म्हणजे केंद्राचे संचालक. त्यांच्या या शोधाला 'सपाटीचा नियम' म्हणत. नियम चौकटीत घालून दारासमोर टांगलेला होता आणि त्याखाली 'कृपया हात लावू नये' अशी सूचना होती. मोठे सर मनाने फार चांगले होते. शिपायालाही 'अहो' म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही आणि पंधरा वर्षांत यंत्राच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

खालच्या मजल्यावरच्या दोघांपैकी एक म्हणजे धाकटी. ती सात वर्षांपूर्वी पीएचडीसाठी आली तेव्हा केंद्रात वयाने सर्वांत लहान होती, म्हणून तिला धाकट्या मॅडम म्हणू लागले. तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे पस्तिशी गाठून, कानाजवळचे केस पिकायला लागूनही ती धाकटीच राहिली. तिचा विषय होता चुंबकीय धूलियुक्त प्लाझ्मातल्या पृष्ठलाटांचं अस्थैर्य. म्हणजे त्या सपाट पृष्ठभागावर एखादी लाट उठते का आणि उठली तर आपोआप वाढत जाते का. असली लाट नसते हे सिद्ध झालेलं असताना तिला हा विषय कसा मिळाला, असं कुणाला वाटेल. तो त्यामुळेच मिळाला. जे नाहीच ते शोधायला दिलं की कुणाला इजा होत नाही, असा विषय-मंजुरीच्या टिपणीत स्पष्ट अभिप्राय होता.

धाकटीचं गणित मात्र काही केल्या ऐकेना. कागदावर मांडलं की लाट यायची. चुंबकत्व एका मर्यादेपलीकडे गेलं की ती उठायची आणि दर तीन सेकंदांनी दुप्पट व्हायची. पुन्हा मांडलं तरी तेच. पडद्यावर मात्र सपाट. सात वर्षांत तिने एक हजार चारशे बारा चित्रफिती पाहिल्या आणि प्रत्येकीत तो ढग शहाण्या मुलासारखा बसलेला होता. सहा वार्षिक अहवालांत तिने 'लाट आढळली नाही' असं लिहिलं आणि सहाही वेळा वरून 'प्रगती समाधानकारक' असा शेरा आला. घरी आई म्हणायची, "अगं, नसेल येत तर नसेल येत. तू काय तिला हाताला धरून आणणार आहेस?" पण सात वर्षं पूर्ण झाली की नोंदणी रद्द होते आणि पदवी मिळायची ती कायमची राहते. सात वर्षं भरायला आता एकोणीस दिवस उरले होते. गणितातली लाट यंत्रात दिसली नाही, तर प्रबंध बांधायलाही नेता येणार नव्हता.

दुसरे काका. यंत्रचालक. केंद्राचं हे एकमेव पिंप चालवण्यात त्यांची हयात गेली होती आणि आठ महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. पंपाच्या आवाजावरून त्यांना आतली हवा किती उरली ते कळायचं. कामाची पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी 'प्रयोगपत्रक क' भरायचं. त्यात विजेची, वायूची, चुंबकत्वाची सगळी मापं आधीच लिहून ठेवायची, म्हणजे प्रयोगाच्या वेळी घाई होत नाही. मग संशोधकाने पडद्याच्या खोलीत जाऊन बसायचं, कारण वेटोळ्यांत वीज असताना यंत्राच्या खोलीत विद्यार्थ्यांना मज्जाव होता. सगळं सज्ज झालं की काका हिरवा दिवा लावणार, आणि हिरवा दिवा लागला की पलीकडे कॅमेरा सुरू होणार. कार्यपद्धतीत अशी एकूण बावीस कलमं होती. धाकटीला ती पाठ होती, पण तिची स्वतःची कलमं तेवढी. काकांची कलमं काकांकडे असत आणि एकमेकांची कलमं वाचण्याचं कलम नव्हतं.

अशी सात वर्षं सुखाने गेली आणि पडद्याच्या खोलीला रंग काढायचं ठरलं.

पर्यायी व्यवस्था म्हणून धाकटीला यंत्राच्या खोलीत, भिंतीपासून एक मीटरवर, हेल्मेट घालून, स्टुलावर बसण्याची तात्पुरती परवानगी मिळाली. (परवानगीच्या चार प्रती होत्या. हेल्मेट एकच होतं, ते काकांचं.) सकाळी साडेदहाला काकांनी पंप लावला, वायू सोडला, धूळ चाळली. ढग जमला. मग त्यांनी वेटोळ्यांचं गोल बटण पत्रकातल्या आकड्यापर्यंत फिरवलं, खिडकीला डोळा लावला आणि दोन मिनिटं उभे राहिले. मग त्यांनी ते बटण पाव फेरा मागे घेतलं आणि हिरव्या दिव्याकडे हात नेला.

"काका, हे काय केलंत?"

"कुठे काय?"

"आत्ता. बटण मागे घेतलंत ना?"

"हां, ते होय. लाट उठत होती. बसवली."

"काय केलं?"

"बसवली. रोजच बसवतो की. सव्वीस वर्षं झाली. तुम्ही बसा निवांत, आता काही नाही उठायची."

धाकटी निवांत बसली नाही. ती उभी राहिली, मग पुन्हा बसली, आणि हेल्मेट डोळ्यांवर आलं ते तिने तसंच राहू दिलं. सात वर्षं भिंतीच्या पलीकडे रोज लाट उठत होती. तिला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही एकाच वेळी येऊ लागल्यावर तिने काकांकडे पाणी मागितलं.

"अहो, पण कशासाठी?" पाणी पिऊन तिने विचारलं.

काकांनी अकरावं कलम दाखवलं. 'पृष्ठभाग सपाट असल्याची खात्री करूनच हिरवा दिवा लावावा.' खाली मोठ्या सरांची सही होती. "त्या वर्षी मोठे पाहुणे आले होते," काका म्हणाले. "आत बघून म्हणाले, हे हलतंय का हो? सर म्हणाले, काका, जरा शांत करा. मी केलं. पाहुणे खूश झाले. दुसऱ्या महिन्यात हे कलम आलं, आणि वर्ष संपायच्या आत तो नियम आला, दारासमोरचा. मग काय, जबाबदारी वाढली. नियमाला बट्टा लागायला नको."

इथे काकांबद्दल दोन शब्द लिहिणं न्यायाचं होईल. रजा आणि सुट्ट्या वगळता, दिवसाला सरासरी तीन याप्रमाणे, त्यांनी अंदाजे अठरा हजार लाटा बसवल्या होत्या. एकही निसटली नव्हती. सृष्टीचे इतर नियम सृष्टी स्वतःच पाळते आणि त्यात अधूनमधून ढिलाई होत असेल, कुणी पाहिलं आहे? सपाटीचा नियम मात्र एका माणसाने डोळ्यांत तेल घालून राखला होता, तेही जादा भत्त्याविना.

"माझं काही चुकलं का मॅडम?" काकांचा चेहरा एवढासा झाला. "आठ महिन्यांत सुटतोय मी."

"नाही हो काका. तुम्ही अगदी नियमाप्रमाणे केलंत."

ते खरंच होतं, आणि धाकटीला त्याचाच जास्त राग आला.

दुपारी ती वर मोठ्या सरांकडे गेली. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लाट? आपल्याकडे?"

"हो सर."

"कधीकधी?"

"दिवसातून तीनदा."

"मला कुणी कसं सांगितलं नाही?"

"कुणाला माहीतच नव्हतं सर. काकांना माहीत होतं, पण त्यांना वाटत होतं तुम्हाला माहीत आहे."

दुसरा कुणी असता तर त्याने फायलीसकट तिला बाहेर काढलं असतं. सर म्हणाले, "बस, बाळ. चहा घे." मग म्हणाले, "यावर मी एकटा काही ठरवणं बरं दिसणार नाही. समितीपुढे ठेवू."

स्थैर्य समितीत सात सदस्य होते. प्रशासन अधिकारी अध्यक्ष, ग्रंथपाल सदस्य सचिव, त्याशिवाय अग्निशमनाचे एक, स्थापत्याचे एक, भांडार विभागाचे एक, एक निवृत्त सदस्य आणि एक आमंत्रित सदस्य (ज्यांना कुणी आमंत्रण दिलं याचा कागद सापडत नव्हता). केंद्रात कसलंही अस्थैर्य निर्माण होऊ नये म्हणून ही समिती नेमलेली होती. तिची बैठक वर्षातून दोनदा होई आणि दोन्ही वेळा ती मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करून उठे.

लाटेसाठी वेगळा अर्ज नव्हता, म्हणून सभागृह-आरक्षणाचा अर्ज वापरायचं ठरलं. धाकटीने तो रीतसर भरला. कार्यक्रमाचं स्वरूप: लाट. अपेक्षित उपस्थिती: एक. सुरू होण्याची वेळ: अकरा वाजून तीस मिनिटं. ध्वनिक्षेपक लागणार का: नाही. कार्यक्रम संपल्यावर जागा पूर्ववत करून देण्याची हमी: आहे. उंचीच्या रकान्यात तिने चार मिलिमीटर लिहिलं होतं. अर्ज परत आला. साडेतीनमध्ये भागेल का, अशी विचारणा होती. तिने भागणार नाही असं कळवलं. अर्ज पुन्हा परत आला. लाट आयत्या वेळी न आल्यास बदली लाटेची काय सोय? तिने लिहिलं, 'लाट येईल.' या वाक्यावर अग्निशमनवाल्यांनी 'सूर उद्धट वाटतो' असा शेरा मारला. असं करत करत मंजुरी आली तेव्हा अठरा दिवस संपले होते आणि प्रात्यक्षिकाची तारीख पडली ती नोंदणीच्या शेवटच्या दिवसाची. साडेपाचला कार्यालय बंद झालं की धाकटीची सात वर्षंही बंद होणार होती.

आता घोडं अडलं ते निराळ्याच ठिकाणी. आदल्या दिवशी तालीम घेतली तर काकांनी लाट दिसताच बटण मागे घेतलं. दुसऱ्यांदा घेतली, तेव्हाही घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले, तरी हात बरोबर गेला.

"माझा हातच ऐकत नाही हो मॅडम," काका रडवेले झाले. "ती उठली की मला बसवत नाही, उभं राहवत नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतं. यंत्राला हात लावायचा अधिकार एकट्या काकांचा होता. धाकटी रात्रभर विचार करत असेल असं वाटेल, पण ती गाढ झोपली आणि सकाळी येताना घरून आईचा मोठा ट्रे घेऊन आली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी समिती खाली उतरली. तिच्यातल्या पाच जणांनी यंत्राची खोली पहिल्यांदाच पाहिली आणि खोली चांगली प्रशस्त असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. मागोमाग मोठे सर आले आणि खिडकीपाशी एकटेच उभे राहिले. काकांनी ढग जमवला, बटण शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं, पृष्ठभाग अजून सपाट होता म्हणून हिरवा दिवा लावला आणि त्याच क्षणी धाकटीने त्यांच्या दोन्ही हातांत चहाचा भरलेला ट्रे दिला. नऊ कप. यंत्राच्या खोलीत चहाफराळ निषिद्ध असल्यामुळे कुणी कप उचलेना, आणि यंत्राच्या खोलीत भांडी खाली ठेवणंही निषिद्ध असल्यामुळे काकांना ट्रे ठेवता येईना. नियमांचा एवढा उपयोग तिला सात वर्षांत कधी झाला नव्हता.

दोन मिनिटं काहीच झालं नाही. निवृत्त सदस्यांनी जांभई दिली. मग ट्रेमधले कप किणकिणू लागले.

"उठली," काका पुटपुटले. "मॅडम, उठली हो. बसवू का?"

"नको काका."

"थोडीशीच बसवतो."

"काका, चहा सांडेल."

ढगाच्या सपाट पृष्ठभागावर आधी नुसती एक सुरकुती आली. ती एका कडेने दुसऱ्या कडेकडे निघाली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. धाकटी घड्याळाकडे पाहत होती. तीन सेकंदांत दुप्पट, आणखी तीन सेकंदांत त्याच्या दुप्पट. कागदावर जशी यायची तशीच, एका आकड्याचाही फरक नाही. शेवटी तो अख्खा ढग चार मिलिमीटर उंच लाटांनी डोलू लागला, आणि धाकटीचे डोळे भरून आले म्हणून पुढची काही सेकंदं तिला नीट दिसली नाहीत. ती कॅमेऱ्यात आहेत.

मोठे सर काचेला नाक लावून उभे होते. "किती सुंदर आहे," ते हळूच म्हणाले. दारासमोरची चौकट त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण चौकट स्थापत्य विभागाच्या अखत्यारीत होती.

मग वर बैठक बसली. ती तीन तास वीस मिनिटं चालली आणि सदस्यांनी लाटेत एवढा रस घेतला की इतिवृत्ताला जादा पानं जोडावी लागली. ही लाट पिंपाबाहेर येऊन जिन्यापर्यंत जाऊ शकते का? नाही. सुट्टीच्या दिवशी उठते का? पिंप चालू असेल तर. तिची मालकी केंद्राची की विद्यार्थिनीची? केंद्राची. साडेतीन मिलिमीटरवर खरंच भागलं नसतं का? नसतं. आमंत्रित सदस्यांनी चहा थंड असल्याकडे लक्ष वेधलं. धाकटी कोपऱ्यात उभी होती. तिच्या काखेत गुंडाळलेला एक मोठा तक्ता होता. त्यावर तिने तीन रंगांत एकाच प्रश्नाचं उत्तर काढून आणलं होतं, कारण तो प्रश्न सर्वांत आधी येणार अशी तिची खात्री होती. तो आला नाही. शेवटी मोठ्या सरांनी सपाटीच्या नियमात 'लाटांचे प्रसंग वगळून' हे तीन शब्द घालायला स्वतःहून संमती दिली, समितीने बाकं वाजवली, पदवीच्या शिफारशीवर सह्या व्हायला कागद आतल्या खोलीत गेला आणि धाकटीला बाहेर थांबायला सांगितलं. पाच वाजायला दहा मिनिटं कमी होती.

बाहेर थांबवेना म्हणून ती खाली गेली. काका जिन्याखालच्या मोरीपाशी कप विसळत होते. तिने तक्ता भिंतीला टेकवला आणि स्टुलावर बसली. काकांनी एक कप विसळला, दुसरा विसळला, मग नळ बंद केला.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा ना."

"मी एवढी वर्षं तिला बसवली. पण ती उठते तरी कशामुळे?"

धाकटी ताडकन उठली. तिने तक्ता जमिनीवर उलगडला, चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले आणि सांगायला लागली. काका ओले हात पँटला पुसत ऐकत होते. मध्ये त्यांनी दोन शंका काढल्या. पहिलीचं उत्तर तिच्याकडे होतं. दुसरी तिला सात वर्षांत सुचली नव्हती, आणि ती ऐकून ती इतकी खूश झाली की वरून कुणी हाक मारतंय हे तिला आधी ऐकूच आलं नाही.

तिने काकांना काय सांगितलं ते इथे दिलेलं नाही. कारणं मागणी आल्यासच पुरवावीत असा संकेत आहे आणि तशी मागणी कुठूनही आलेली नाही. समितीकडून आली नाही, वरच्या मजल्याकडून आली नाही, आणि वाचकहो, पहिल्या ओळीपासून इथवर इतक्या आवडीने सोबत आलात, तुमच्याकडूनही आली नाही. लाट बसली, उठली, मंजूर झाली, आणि तुमचं सगळं लक्ष आपलं एकाच गोष्टीकडे, की पोरीला पदवी मिळाली की नाही.

मिळाली.